नीट झाली नाही, म्हणून बीएस्सी?

पत्र थोडक्यात: इंदूरची एक वाचक, वय १९. बारावी बायोलॉजी घेऊन झाली, पहिल्या वेळी नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून एक वर्ष ड्रॉप घेतला, भंवरकुआँजवळ कोचिंग लावलं, आणि यंदाही सरकारी सीट मिळेल एवढे मार्क आले नाहीत. घरात आता तीन मतं आहेत. बाबा म्हणतात अजून एक ड्रॉप घे, एवढा खर्च झालाच आहे. आई म्हणते प्रायव्हेट बीडीएस मिळतंय तर घेऊन टाक, नावापुढे डॉक्टर तरी लागेल. आजी म्हणते बीएस्सी करून कुणाचं भलं झालंय, शेवटी मास्तरकी नाहीतर लग्न. चुलत दादा पुण्यात आयटीत आहे, त्याचं पॅकेज दर सणाला पंगतीत निघतं. तिला स्वतःला होळकर कॉलेजला बीएस्सी करावंसं वाटतंय, पण "मी हरले म्हणून तिकडे चालले असं सगळ्यांना वाटेल, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं." पुढे लिहिते, "ड्रॉपच्या वर्षात मी दोन वाट्यांत मूग लावले होते, एक वाटी खिडकीत, एक कपाटात. कपाटातले दुप्पट उंच झाले पण पिवळे. उजेड नाही तर वाढ कमी व्हायला हवी ना? सरांना विचारलं तर म्हणाले, बेटा ये पेपर में नहीं आता. बीएस्सी घेऊन पुढे खरंच काही होतं का, की मी अजून तीन-चार वर्षं घालवणार?"

अगं, बाकी सगळं बाजूला ठेवून मला आधी त्या मुगांबद्दल बोलायचंय. तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे, पेपरात येत नाही म्हणून तो लहान होत नाही. बी मातीखाली असतं तेव्हा त्याच्याकडे फक्त दोन डाळींत साठवलेलं अन्न असतं आणि ते संपायच्या आत उजेडापर्यंत पोचायचं असतं, म्हणून अंधारात ते पानं मोठी करण्यावर, हिरवा रंग बनवण्यावर काही खर्चच करत नाही, सगळं देठ लांबवण्यावर लावतं. रोपात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, त्याला लाल उजेड लागला की ही पळापळ थांबते, वाकलेलं टोक सरळ होतं, पानं उघडतात. तुझ्या कपाटातल्या मुगांच्या हिशोबाने ते अजून जमिनीखालीच होते. आता पुढचा प्रश्न, ते उंच झाले पण वाढले का? परत लाव, पानं उघडून आठ-दहा दिवस होऊ दे, मग दोन्ही वाट्यांतले पन्नास-पन्नास कोंब कडक उन्हात पार कोरडे कर आणि वजन कर, सराफ्यात कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या काट्यावर. सोबत पन्नास कोरडे मूगही तोलून ठेव. कपाटातल्या उंच रोपांचं वजन सुरुवातीच्या मुगांपेक्षाही कमी भरेल, कारण त्यांनी नुसतं साठवलेलं खाल्लं, नवीन काही बनवलंच नाही. म्हणजे वाढ मोजायची तर उंचीने की वजनाने हे आधी ठरवावं लागतं, आणि हे ठरवता येणं हेच तर या शिक्षणात शिकायचं असतं.

एवढं लांबण लावलं कारण असे प्रश्न विचारण्याचा पगार मिळतो हे घरात कुणी तुला सांगितलेलं दिसत नाही. खंडवा रोडवरून तू कितीदा गेली असशील, तिथे सोयाबीनवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, कुठलं वाण कमी पावसात तग धरतं, कुठल्याला रोग लागत नाही, हे शोधणारे लोक तिथे रोज कामाला जातात. आणि अजून मागे जायचं तर कमला सोहोनी. दुर्गा भागवतांची बहीण, जन्म १९११ चा, आपल्या इंदूरचाच. मुंबईला बीएस्सी करून, गुणवत्ता यादीत वर असून, १९३३ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला तर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला, त्या हटल्या नाहीत, मग एक वर्ष बघू अशा अटीवर घेतलं. तिथे त्यांनी काम कशावर केलं तर दुधातली आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिनं! पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी (पेशीला ऊर्जा मिळवायला लागणारं एक प्रथिन) असतं हे दाखवलं, १९३९ मध्ये पीएचडी, आणि परत येऊन कुपोषित मुलांना नीरा कितपत उपयोगी पडते यावर काम. तू कमला सोहोनी होशील असं मी म्हणत नाहीये, एवढंच म्हणतेय की मुगाच्या दाण्यापासून सुरू होणारी वाट खरी आहे आणि आपल्याच गावात जन्मलेली बाई त्या वाटेने चालून गेलीये.

आता तू जे गृहीत धरलंयस त्याकडे येऊ. मला बायोलॉजी आवडते म्हणून मी डॉक्टर होणार, हे तू दहावीपासून मनात धरलंस आणि तुझ्यासारख्या हजारो मुलींनी धरलेलं असतं, कारण आपल्याकडे बायोलॉजी आवडणाऱ्या मुलीला दुसरं काही दाखवतच नाहीत. पण डॉक्टरचं रोजचं काम म्हणजे माणसं, सकाळपासून रात्रीपर्यंत आजारी, घाबरलेली, कधी चिडलेली माणसं, त्यांना धीर देणं, थोड्या वेळात निर्णय घेणं. तुझ्या चार पानी पत्रात पेशंट हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि मुगांवर जवळजवळ एक पान आहे. तरीही शांत बसून स्वतःला विचार. जर मनापासून उत्तर आलं की नाही, मला माणसांवर उपचारच करायचेत, तर बीएस्सीला येऊ नकोस, मग फिजिओथेरपी, नर्सिंग, ऑप्टोमेट्री, अजून एक प्रयत्न, या सगळ्याचा विचार वेगळा करावा लागेल. पण उत्तर असं आलं की मला हे सगळं आतून कसं चालतं ते बघायचंय, तर तू हरून इकडे येत नाहीयेस, आधी चुकीच्या रांगेत उभी होतीस एवढंच.

दुसऱ्या ड्रॉपबद्दल. दर वर्षी वीस लाखांच्या वर मुलं नीटला बसतात, एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या परवडणाऱ्या सरकारी जागा साधारण अर्ध्या. म्हणजे चांगली, हुशार, मेहनती मुलं मोठ्या संख्येने बाहेर राहणारच आहेत, ती नालायक असतात म्हणून नाही. दुसरा ड्रॉप घ्यायचा तर एकाच कारणासाठी घ्यावा, की तू कटऑफच्या अगदी जवळ होतीस आणि नेमकं कुठे मार्क गेले हे तुला बोट ठेवून सांगता येतंय. "एवढा खर्च झालाच आहे" हे कारण नाही. तो पैसा गेला, पुढचं वर्ष अजून हातात आहे. आणि बीडीएसचं म्हणशील तर दातांचं काम, हातातलं बारीक कसब मनापासून आवडत असेल तर तो उत्तम व्यवसाय आहे, नुसतं नावापुढे काही लागावं म्हणून प्रायव्हेट कॉलेजची फी भरू नये, हे आईला प्रेमाने पण स्पष्ट सांग.

आजी आणि बाबा बीएस्सीबद्दल जे म्हणतात ते अर्धं खरं आहे आणि ते अर्धं मी तुझ्यापासून लपवणार नाही. नुसती बीएस्सी, म्हणजे परीक्षेच्या आधी वीस दिवस गाईड वाचून, प्रॅक्टिकलची जर्नल दुसरीकडून उतरवून काढलेली पदवी, तिला बाजारात फारशी किंमत नाही. आणि संशोधनाकडे जायचं तर वाट लांब आहे, बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी धरून नऊ-दहा वर्षं सहज, तोवर दादाने पुण्यात फ्लॅट घेतलेला असेल. पण ही सगळी वर्षं बाबांच्या खिशातून जात नाहीत हे त्यांना माहीत नसतं. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप, मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार आणि नंतर ४२ हजार मिळतात, वर घरभाडं. पैसे यायला उशीर होतो, ते सोसावं लागतं, पण शिकता शिकता स्वतःच्या पायावर उभं राहता येतं. शिवाय आता आपल्या राज्यात २०२१ पासून नवीन शिक्षण धोरण लागू आहे, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करता येतं, आणि चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एमएस्सी न करताही पीएचडीला अर्ज करता येतो. आणि मास्तरकीबद्दल आजीला विचार, तिच्या शाळेतल्या कुठल्या बाई तिला अजून आठवतात. चांगली सायन्सची टीचर मिळणं किती अवघड आहे हे तुला त्या "पेपर में नहीं आता"वरून कळलंच असेल.

आता विषय निवडणं, इथे मात्र नीट लक्ष दे कारण इथेच मुली सगळ्यात जास्त फसतात. नाव जेवढं नवीन आणि चकचकीत तेवढा स्कोप जास्त असं वाटतं, म्हणून बॉटनी जुनाट आणि बायोटेक भारी. पण नोकरीच्या जाहिरातीत काय लिहिलेलं असतं ते बघ. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला बसायला पदवीत बॉटनी, झूऑलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, जिऑलॉजी, गणित, स्टॅटिस्टिक्स वगैरेपैकी किमान एक विषय लागतो, नाहीतर शेती, फॉरेस्ट्री, इंजिनिअरिंग अशी पदवी. मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक त्या यादीत नाहीत. उलट फूड सेफ्टी ऑफिसरसाठी मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेकची पदवी चालते, पण केमिस्ट्री असेल तर एमएस्सी लागते. म्हणजे तुझ्यासारखीने बॉटनी आणि केमिस्ट्री धरून, तिसरा विषय मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री असा संच मिळतोय का ते बघावं, दारं जास्त उघडी राहतात. केमिस्ट्री सोडू नकोस, बायोलॉजी पुढे जाऊन शेवटी केमिस्ट्रीच मागते. आणि जिऑलॉजीकडे कुणी ढुंकून बघत नाही म्हणून सांगते (तुझ्यासाठी नाही, हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी), आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात डायनोसॉरची २५६ अंडी सापडल्याचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला, आणि माळव्याची काळी माती ज्या लाव्ह्याच्या दगडातून झाली तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जिऑलॉजीत एमएस्सी करणाऱ्यांसाठी यूपीएससीची वेगळी जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे, आणि तिथे गर्दी नीटसारखी नाही.

विषय आयुष्यभराचा असतो असंही समजू नकोस. वेंकी रामकृष्णन बडोद्याला १९७१ मध्ये फिजिक्समध्ये बीएस्सी झाले, पीएचडी फिजिक्समध्येच केली, त्यानंतर बायोलॉजीकडे वळले आणि नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीचं, २००९ मध्ये. तेव्हा एकोणिसाव्या वर्षी फॉर्ममध्ये भरलेला विषय हा शेवटचा शब्द नाही.

आता खरं महत्त्वाचं, ही तीन-चार वर्षं वापरायची कशी. होळकर कॉलेज १८९१ चं आहे, लॅब जुन्या असतील, बॅच मोठ्या असतील, कुणी तुला हाताला धरून शिकवणार नाही. पहिल्याच महिन्यात लॅब असिस्टंटशी ओळख कर, तेच सांगतात की कुठला मायक्रोस्कोप नीट चालतो आणि लॅब कधी रिकामी असते. स्लाइड स्वतः काप. पहिल्या पन्नास जाड येतील, चुरगळतील, पण बटाट्यात देठ धरून ब्लेडने पातळ काप काढायचा हात एकदा बसला की तो जन्मभर जात नाही. आकडे चुकले तर चुकलेलेच लिही आणि का चुकले ते शोध, मैत्रिणीच्या जर्नलमधून बरोबर आकडे उतरवलेस की त्या दिवसाचं शिकणं गेलंच. इंग्लिशची भीती असेल तर रोज एक पान वाच, बाकी हळूहळू होतं. आणि थोडं प्रोग्रॅमिंग शिक, दादालाच सांग सुट्टीत पायथन शिकवायला, कारण आजची बायोलॉजी म्हणजे जीनोमचा ढीगभर डेटा, आणि तो वाचता येणारी बायोलॉजीची मुलगी सगळ्यांना हवी असते.

इंदूरला राहून एक फायदा असा आहे जो मोठमोठ्या शहरांतल्या मुलांना नाही. राजा रामण्णा सेंटर, म्हणजे आपलं कॅट, ही सरकारी संशोधन संस्था, तिथे इंडस-२ नावाचा सिंक्रोट्रॉन आहे, १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरवून जो एक्स-रे निघतो त्याने देशभरातले लोक येऊन प्रथिनांची रचना, धातू, औषधं तपासतात. सायन्स डेच्या सुमारास तिथे ओपन डे असतो, बाबांना घेऊन जा, एकदा त्यांनी ते आतून बघू दे. चोइथराम मंडीच्या आवारात त्याच सेंटरची इलेक्ट्रॉन मशीन आहे, ऑपरेशनला लागणारं सामान तिथे निर्जंतुक होतं, आणि बाहेर बटाट्याच्या ट्रक उभ्या असतात, कुणाला पत्ताही नसतो! डीएव्हीव्हीत, म्हणजे देवी अहिल्या विद्यापीठात, बायोकेमिस्ट्री आणि लाइफ सायन्सेसचे विभाग, सिमरोलला आयआयटी. दुसऱ्या वर्षापासून या लोकांना मेल लिहायला लाग. मेल छोटा असावा, मी कोण, तुमचं अमुक काम वाचलं, त्यात मला हे कळलं आणि हे कळलं नाही, उन्हाळ्यात येऊन शिकू का. "रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी हार्डवर्किंग" असले मेल कुणी उघडत नाही. दहांना लिहिलं तर एखादं उत्तर येईल, वाईट वाटून घ्यायचं नाही. आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून समर फेलोशिप देतात, दोन महिने कुठल्यातरी चांगल्या लॅबमध्ये, स्टायपेंडसकट, त्याचे फॉर्म हिवाळ्यातच निघतात, तारखेवर लक्ष ठेव.

आयसर, म्हणजे विज्ञानाच्या शिक्षण-संशोधनाची राष्ट्रीय संस्था, हिच्याबद्दल तू विचारलं नाहीस पण भोपाळमध्येच आहे म्हणून सांगते. त्यांची परीक्षा बारावीनंतर द्यायची असते, बारावी कधी पास झालीस याची अट असते आणि ड्रॉप घेणाऱ्यांना ती आडवी येऊ शकते, माहितीपत्रक वाचून बघ. नाही जमलं तरी हरकत नाही, बीएस्सीनंतर दुसरं दार आहे, जॅम. आयआयटी आणि आयआयएससीसारख्या ठिकाणी एमएस्सी किंवा इंटिग्रेटेड पीएचडीला त्यातून जातात. जॅमच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात बायोलॉजीसोबत बारावीच्या लेव्हलचं फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणितही येतं. म्हणजे तुझं ड्रॉपचं वर्ष वाया गेलेलं नाही, त्या नोट्स रद्दीत देऊ नकोस. फक्त गणित सुटलंय, ते तीन वर्षांत रविवारी-रविवारी करत राहिलीस तर होईल.

आणि पीएचडी नाही करायची असं पुढे वाटलं तर? तेही चालेल. पीथमपूरला ल्यूपिन, सिप्लासारख्या कंपन्यांचे प्लँट आहेत, तिथे क्वालिटी कंट्रोलमध्ये केमिस्ट्री-मायक्रोबायोलॉजीवाल्यांना कामं असतात, सुरुवातीचा पगार साधा असतो, शिफ्ट असतात, बस पकडावी लागते, पण एचपीएलसी (औषधात काय, किती आहे ते तपासायचं मशीन) चालवता येणारी, नोंदी चोख ठेवणारी मुलगी तीन-चार वर्षांत चांगल्या जागी पोचते. फॉरेन्सिक लॅब, बियाणं कंपन्या, सायन्सबद्दल मराठी-हिंदीत लिहिणं, शाळा, स्पर्धा परीक्षा, सगळं आहे. फक्त एक सांभाळ, "हमखास प्लेसमेंट"वाल्या महागड्या प्रायव्हेट बायोटेक कोर्सला भुलू नकोस. लॅब दाखवा म्हणावं, गेल्या वर्षीची दोन मुलं भेटवा म्हणावं, टाळाटाळ केली की उठून यावं.

बाबांशी बोलताना भांडण स्कोपवर नेऊ नकोस, तिथे ते दादाचं पॅकेज काढतील आणि तू रडशील. त्यांना काळजी आहे की तू अर्धवट सोडशील आणि मग कुठेच नसशील. म्हणून त्यांना एक वर्षाचा हिशोब दे. पहिल्या वर्षात इतके टक्के आणणार, उन्हाळ्यात अमुक ठिकाणी शिकायला जायचा प्रयत्न करणार, आणि वर्षाच्या शेवटी आपण दोघं बसून परत बघू. सरकारी कॉलेजची वर्षाची फी तुमच्या कोचिंगच्या फीसमोर किरकोळ आहे, हे आकडे कागदावर समोरासमोर लिहून दाखव, त्यांना आकडे पटतात. नीट परत द्यायचीच असेल तर बीएस्सीला ॲडमिशन घेऊनही देता येते, असं म्हटलंस तर त्यांचा जीव जरा शांत होईल, पण मनात ते नसेल तर म्हणू नकोस, मग धड हेही होत नाही आणि तेही.

बाकी ई-प्रवेशच्या, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन कॉलेज ॲडमिशनच्या, तारखा आजच बघून घे, ऑनलाइन राउंड संपले असतील तर कॉलेज लेव्हलचा म्हणजे सीएलसीचा राउंड शिल्लक असतो, पण हवा तो विषयांचा संच शेवटी-शेवटी मिळत नाही. दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, मूलनिवासी, जात आणि उत्पन्नाचा दाखला लागू असेल तर तो, सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स. आणि तुझं मध्ये एक वर्ष गेलंय म्हणून काही ठिकाणी गॅपचं शपथपत्र मागतात, ते आधीच नोटरीकडून करून ठेव, काउंटरवर परत पाठवतात नाहीतर.